सिरदाराच्या टोळीपासून हॉटेलच्या श्रेणीपर्यंत

आपल्या पूर्वजांच्या आगमनाविषयी लिहिताना जहाजे, बंदर, ऊस आणि देवळे यांचा उल्लेख नेहमी होतो. या लेखात मी वेगळा विषय घेतला आहे. या बेटावर आपल्या माणसांच्या कामाला कोणकोणती नावे मिळाली आणि त्या नावांनी त्यांची किंमत कशी ठरली, हा तो विषय. आज आपल्या घरटी कोणीतरी हॉटेलात कामाला आहे. म्हणून हा इतिहास जुना असला तरी आपल्या रोजच्या जगण्याचा आहे.

2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजाने 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुईला आणले. ते छोटा नागपूरकडचे होते. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली आणि रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले आपले लोक येथे आले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास मजूर या बेटावर उतरले. आज ज्याला आपण आप्रवासी घाट म्हणतो, तेथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण आणि गाव लिहिले जाई. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पण माणसाच्या हातात कोणती कला होती, हे त्या रकान्यांतून क्वचितच कळते. कोणी भातशेतीत तरबेज असेल, कोणी सुतारकामात, कोणी लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करणारा. करारावर मात्र सगळ्यांना शब्द एकच होता : मजूर.

साखरेच्या इस्टेटीवर आल्यावर दुसरी वाटणी झाली. अंगातल्या ताकदीप्रमाणे टोळ्या पडत आणि टोळीवर सिरदार असे. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना 5 रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा मिळे. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. करार संपलेल्याला 'जुना आप्रवासी' म्हणत. 1867 च्या कायद्याने अशा माणसाने स्वतःच्या छायाचित्राचा पास जवळ बाळगला पाहिजे असे ठरले. कामधंद्याचा पुरावा दाखवता आला नाही तर तो भटक्या ठरून तुरुंगात जाई. म्हणजे तुमच्या कामाला कागदावर कोणते नाव आहे, यावर तुमची मोकळीकही अवलंबून होती. आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी 1871 मध्ये मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला, त्यातून शाही आयोग नेमला गेला आणि हे जाच उघड झाले.

पुढच्या पिढ्यांनी आणखी दोन शब्द ऐकले. महिन्याच्या बोलीवर असलेला 'आंगाजे' आणि रोजावर असलेला 'झुर्नाल्ये'. दोघेही एकाच शेतात ऊस तोडत, पण वर्षभराची भाकरी एकालाच होती. तोडणी संपून आंत्रकूप सुरू झाला की दुसऱ्याने काय करायचे, हा प्रश्न आपल्या आजीआजोबांच्या घरात दरवर्षी उभा राहात असे.

मग समुद्रकिनारे जागे झाले. 1952 मध्ये क्युरपिपला पार्क हॉटेल सुरू झाले, 1971 मध्ये त्रू-ओ-बिश आणि 1975 मध्ये सें-जेरां. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1968 मध्ये, सुमारे 15 हजार पर्यटक या बेटावर आले होते. 2019 मध्ये ही संख्या 13 लाख 80 हजारांच्या वर गेली. त्याच काळात साखरेचे दिवस मावळत होते. 2001 पासून स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत अनेकांनी, त्यातही बऱ्याच बायांनी, ऊस सोडला. कास्कावेलच्या माणसाला फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा जवळचा. कोयता घेणाऱ्या हातांनी तबके आणि चादरी उचलल्या.

हॉटेलनेही आपल्याला नावे दिली, फक्त ती फ्रेंच होती. कोमी, शेफ द पार्ती, शेफ द रां, मेत्र दोतेल. स्वयंपाकघराची ही रचना ओग्यूस्त एस्कोफिए यांनी घडवली. 1890 मध्ये ते लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात रुजू झाले, तेव्हा आपले पूर्वज सिरदाराच्या हाताखाली होते. एस्कोफिए यांनी सैन्यातली शिस्त घेतली आणि स्वयंपाक्यांच्या ताफ्याला 'ब्रिगेड' म्हटले. तीही टोळीच म्हणायची, पण एक मोठा फरक होता. या टोळीत कोमीला उद्या वरची जागा मिळू शकते, कारण प्रत्येक पायरीवर काय यायला हवे ते ठरलेले आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे एक व्यवसाय-वर्गीकरण आहे. त्याची आताची आवृत्ती 2008 ची असून मॉरिशसचे वर्गीकरण तिच्यावरच बेतलेले आहे. त्यात प्रत्येक कामाला चार आकडे असतात आणि पहिला आकडा मोठा गट सांगतो. हॉटेल व्यवस्थापक 1411, मुख्य शेफ 3434, स्वागतकक्षातला कर्मचारी 4224, स्वयंपाकी 5120, वाढपी 5131, हाउसकीपिंगचा पर्यवेक्षक 5151. खोल्या साफ करणारी बाई 9112 आणि स्वयंपाकघरातला मदतनीस 9412. नवव्या गटाला 'प्राथमिक व्यवसाय' म्हणतात आणि कौशल्याच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत खालची पातळी त्याला दिली आहे.

हे वाचून वाईट वाटते. एका पाळीत डझनभर खोल्या आवरायच्या, कोणत्या डागाला कोणते औषध ते ओळखायचे, पाहुण्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलायचे, सापडलेली अंगठी जशीच्या तशी परत करायची. हे सारे खालच्या पातळीचे? माझ्या वर्गात "आई काय करते?" या प्रश्नावर एखादे मूल खाली बघून "हॉटेलात साफसफाई" असे सांगते, तेव्हा तो आकडा मुलापर्यंत पोचलेला असतो.

पण त्या वर्गीकरणाचा नियम नीट वाचला पाहिजे. ते कामाची प्रतवारी करते, माणसाची नाही. कौशल्य मोजताना शाळेचे शिक्षण हे एकच माप नाही. कामाचे स्वरूप आणि कामावर मिळालेला अनुभवही त्यात धरला जातो. आणि 9112 पासून 5151 पर्यंतची वाट त्याच व्हरांड्यातून जाते.

ही वाट कागदावर आणायची सोय आपल्या देशात आहे. मॉरिशस पात्रता प्राधिकरणाच्या चौकटीत 10 पायऱ्या आहेत. पहिली प्राथमिक शाळेची, दहावी डॉक्टरेटची. अनुभवातून शिकलेल्याला मान्यता देण्याची पद्धतही आहे. त्यात उमेदवार आपल्या कामाचे पुरावे एका फाइलीत जमा करतो, त्याला मार्गदर्शक मिळतो आणि मग तपासणी होते. वीस वर्षे हॉटेलात राबलेल्या पण शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पूर्ण किंवा अंशतः प्रमाणपत्र मिळू शकते. मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा कागदाची किंमत कळली. हातात कला सगळ्यांच्याच होती, पण दुसऱ्या दारी जाताना ती दाखवणार कशी?

म्हणून मंडळाच्या सभासदांना आणि देवळातल्या बहिणींना एक विनंती. गणेशोत्सवात दोनशे माणसांचा प्रसाद वेळेवर करणारी बाई स्वयंपाकाबरोबर मापे, खरेदी, स्वच्छता आणि माणसे सांभाळणेही जाणते. ही कामे नावानिशी लिहून ठेवा. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रशिक्षणाचे दाखले, साहेबाने दिलेले शिफारसपत्र, काही टाकू नका. मुलांना सांगताना "हॉटेलात असते" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या विभागात, कोणत्या पदावर आणि पुढची पायरी कोणती, तेही सांगा. घाटावरच्या वहीत आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. आताची वही आपल्या हातात आहे.