भाराभर पानं

फेब्रुवारी २००६मध्ये बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ गूगलच्या निकालांतून नाहीसं झालं. एवढ्या बड्या नावाला बाहेरची वाट दाखवली ती काही पानांमुळे. त्या पानांवर 'वापरलेली गाडी' या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरला होता. ती होती फक्त गूगलच्या यंत्रासाठी. माणूस तिथे आला की त्याची लगेच दुसऱ्या पानावर रवानगी होई. गूगलचे अभियंते मॅट कट्स यांनी ही कारवाई जाहीरपणे सांगितली, कंपनीने पानं काढली आणि काही दिवसांत संकेतस्थळ परतलं.

अशा पानांना या धंद्यात 'डोअरवे पेज' म्हणतात. गाळा एक, पाट्या पन्नास! खोड मात्र बीएमडब्ल्यूची नव्हे, त्याच्या दहा वर्षं आधीची. डिसेंबर १९९५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन सुरू केलं. तेव्हाची इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द जुळवून पाहत. मग एकवचनाला एक पान, अनेकवचनाला दुसरं, लोक नेहमी चुकीचं टंकतात त्या स्पेलिंगला तिसरं, असा कारखानाच सुरू झाला.

१९९८मध्ये गूगल आलं आणि गणित बदललं. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे जणू मत, आणि वजनदार पानाचं मत जास्त मोलाचं, हा त्याच्या पेजरँकचा गाभा. मतं म्हटली की मतविभागणी आलीच. महाराष्ट्रातल्या एखाद्या मतदारसंघात एकाच पक्षाचा अधिकृत उमेदवार आणि त्याचा बंडखोर दोघेही उभे राहिले की काय होतं, हे वाचकांना सांगायला नको. संकेतस्थळांचंही तेच झालं. एकाच विषयावर चार पानं. कुणी या पानाला लिंक दिली, कुणी त्या. चारही पानं मिळून जे वर गेलं असतं, ते सुटंसुटं दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर पडून राहिलं.

या घरच्या भांडणाला धंद्याने 'कीवर्ड कॅनिबलायझेशन' असं नाव दिलं. नाव जरा रक्तबंबाळच आहे, पण ते बाजारपेठेतून उसनं घेतलेलं आहे. कंपनीने नवा साबण काढला आणि त्याने स्वतःच्याच जुन्या साबणाचं गिऱ्हाईक खाल्लं, तर त्याला हाच शब्द वापरतात.

सगळी जुळी पानं मुद्दाम काढलेली नसत, हेही खरं. बातमीची छपाईसाठीची वेगळी प्रत, स्वस्त-महाग असा क्रम लावला की बदलणारा पत्ता, पत्त्याच्या शेपटाला चिकटलेले आकडे यांतून यंत्राला एका वस्तूची दहा पानं दिसत. यावर गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्ध्यांनी फेब्रुवारी २००९मध्ये एकत्र येऊन तोडगा काढला. पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात एक ओळ लिहायची: मूळ पान ते, मी त्याची प्रत. हाच 'कॅनॉनिकल' टॅग. गूगल त्याला हुकूम मानत नाही, इशारा मानतं. जिथे जुनं पान उरवायचंच नसेल, तिथे त्याहून जुना उपाय होता. १९९६च्या एचटीटीपी या वेबच्या नियमांच्या दस्तऐवजातला ३०१ हा आकडा ब्राउझरला सांगतो की, बिऱ्हाड कायमचं हललंय, नवा पत्ता हा.

पण पानं वाढवण्यात पैसा होता तोवर या उपायांना कोण विचारतो? डिमांड मीडिया ही अमेरिकन कंपनी लोक काय शोधतात ते यंत्राने हेरून त्यावर लेख पाडून घेई. एका लेखाला साधारण १५ डॉलर. २००९मध्ये तिथून रोज सुमारे चार हजार लेख आणि व्हिडिओ बाहेर पडत. जवळजवळ त्याच प्रश्नाची थोड्याथोड्या फरकाने उत्तरं देणारे लेख त्यात ओघाने आलेच. एक ना धड! जानेवारी २०११मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. पुढच्याच महिन्यात गूगलने पुढे 'पांडा' म्हणून ओळखला गेलेला बदल आणला, अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले.

२०१३च्या 'हमिंगबर्ड'नंतर यंत्र सुट्या शब्दांपेक्षा अख्ख्या प्रश्नाचा अर्थ लावू लागलं. 'पुरणपोळी कशी करावी' आणि 'पुरणपोळीची कृती' यांना वेगळी पानं ठेवायचं कारणच मग संपलं. उलट बाजूही आहे. 'हापूस' शोधणाऱ्या एकाला पेटीचा भाव हवा असतो, दुसऱ्याला कलम कसं लावायचं ते. शब्द एकच म्हणून ही दोन पानं एकत्र कोंबणं हा निव्वळ अडाणीपणा, आणि तोही या धंद्यात पुष्कळ चालतो.

मराठीत ही कटकट उशिरा आली. युनिकोडपूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं स्वतःच्या फाँटवर चालत आणि सर्च इंजिनला ती अक्षरं देवनागरी म्हणून वाचताच येत नसत. आता कसर भरून निघाली आहे. 'सोन्याचा आजचा भाव' या बातमीचं रोज नवं पान निघतं. वर्षाकाठी तीनशेपासष्ट पानं, मथळा जवळपास तोच, आणि शोधणाऱ्याच्या हाती कधीकधी गेल्या मंगळवारचा भाव. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात तो शब्द निवडून पानांचा रकाना उघडला की ही पानं आळीपाळीने वर-खाली होताना दिसतात. इलाज सोपा आहे: कायमचा एकच पत्ता ठेवायचा आणि रोज त्यावरचा आकडा बदलायचा. पण रोजची बातमी मोजून हजेरी लावणाऱ्या संपादकीय कक्षाला तो कसा पचावा? इंग्रजी विकिपीडियावर 'बॉम्बे' टंकणारा मुकाट 'मुंबई'च्या लेखावर पोचतो, कारण तिथे कुणाला पानांचा कोटा भरायचा नसतो.

जून २०१९पासून गूगलने वरच्या निकालांत एका संकेतस्थळाला सहसा दोनच जागा द्यायचं ठरवलं. काहींनी तर झाडूच हातात घेतला. ऑगस्ट २०२३मध्ये सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली. नुसतं जुनं म्हणून काही काढू नका, असं गूगलकडून सांगितलं गेलं. लेखकाला निदान दहा दिवस आधी कळवायचं आणि पानाची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हकडे पाठवायची, एवढी सोय मात्र सीनेटच्या धोरणात ठेवली होती.