‘पतौ’ कीं ‘अपतौ’? : एक पाठविचार

१८५६ च्या १५ व्या कायद्यानें विधवाविवाह सरकारदरबारीं मान्य झाला. शास्त्राचा तंटा मात्र मिटला नाहीं. १८७० मध्यें पुण्यास शंकराचार्यांपुढें झालेल्या वादांत विष्णुशास्त्री पंडितांच्या पक्षाविरुद्ध निर्णय लागला, हें सर्वश्रुत आहे. अशा वादांच्या मुळाशीं असलेल्या पराशरवचनाच्या पाठाविषयींच येथें आम्हांस लिहावयाचें आहे.

पति नाहींसा झाला, वारला, संन्यासी झाला, क्लीब ठरला अथवा पतित झाला, तर या पांच आपत्तींत स्त्रीस दुसरा पति विहित आहे, असा त्याचा सरळ अर्थ. विरोधकांनीं ‘पतौ’ या रूपावर बोट ठेविलें. पाणिनीच्या नियमानें सुट्या ‘पति’ शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ अशी होते. ‘पतौ’ हें रूप समासांतच साधतें. म्हणून ‘पतिते’ या पदापुढें लुप्त अकार मानून ‘अपतौ’ असें वाचावें, म्हणजे वाग्दान झालेला, पण अद्याप पति न झालेला वर! हें व्याकरण निर्दोष आहे; तें थट्टेवारी नेण्यासारखें खास नाहीं.

परंतु हेंच वचन नारदस्मृतींतही आहे. तेथें लगेच पुढें, परदेशीं गेलेल्या पतीची ब्राह्मणीनें आठ वर्षें वाट पाहावी, प्रसूत झालेली नसल्यास चार, असें सांगितलें आहे. वाग्दत्त कन्येच्या बाबतींत प्रसूतीची गोष्ट कोठून निघणार? शिवाय पराशराचे भाष्यकार माधवाचार्य हेही अर्थ पुनर्विवाहाचाच घेतात, आणि मग तो अन्य युगांचा धर्म म्हणून बाजूस सारितात. पराशराची स्मृति कलियुगासाठींच आहे, असें विद्यासागरांनीं त्यास उत्तर दिलें, तें आम्हांस पटतें. तथापि माधवाचार्यांनीं वचनाची मोडतोड केली नाहीं. विज्ञानेश्वरानेंही विषम विभागाविषयीं हीच वाट धरिली : शास्त्रांत आहे खरें, पण लोकविद्विष्ट म्हणून आचरूं नये. हें मत कोणास रुचो वा न रुचो, तें उघडपणें मांडलेलें आहे. लोकांस खपत नाहीं म्हणून वचनांतच नवा अकार शोधणें, ही गोष्ट निराळी. लोकाचार कालांतरानें पालटतो. फिरविलेला पाठ मात्र पुढच्या नकलाकारांच्या गळ्यांत पडतो.

जुन्या पोथ्यांत अवग्रह बहुधा लिहीत नाहींत, त्यामुळें ‘पतितेपतौ’ हीं अक्षरें दोन्ही पक्षांस सारखीच साक्ष देतात. ज्यांच्या संग्रहीं पराशराच्या किंवा नारदाच्या पोथ्या असतील, त्यांनीं नक्कल करितांना अवग्रह पदरचा घालूं नये. आणि पोथींत तो असलाच, तर मूळ लेखकाच्या हातचा कीं मागाहून दुसऱ्या शाईनें घुसडलेला, तेवढें टिपून ठेवावें.