शेत आणि चूल : हिंगोलीची एक फारकत

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच सुमारास इथल्या शेतीत आणखी एक फारकत पुरी होत आली होती. ती शेताची आणि चुलीची.

नगदी पीक इथे नवे नव्हते. निजामी राजवटीतही शेतकरी कापूस विकत असे. पण त्याच रानात ज्वारी, तूर, मूग, उडीद, अंबाडी असे. करडईचे तेल घाण्यावरून येई. ज्वारी पेवात जाई, कडबा बैलांना, आणि बलुतेदाराचा नि सालगड्याचा वाटा खळ्यावरच धान्यात निघे. अन्न, वैरण आणि मजुरी या तिन्ही गरजा एका ज्वारीने भागत.

पहिला तडा १९७२च्या दुष्काळाने दिला. दुष्काळी कामावर रोख मजुरी आणि सरकारी दुकानातला परदेशी मिलो, अशी नवी जोडी घरात आली. रोजगार हमी कायदा १९७९ पासून अमलात आला आणि शेताबाहेरच्या रोख कमाईला कायद्याचा आधार मिळाला. संकरित ज्वारीने उतारा वाढवला, पण काढणीच्या पावसात कणीस काळे पडे आणि भाव जाई.

१९९०नंतर खरिपातली तिची जागा सोयाबीनने घेतली. ते सुमारे शंभर दिवसांत निघते, पाखरांची राखण नको, मळणी यंत्रावर होते आणि हरभऱ्याला रान मोकळे मिळते. हिशेब चोख होता. सिद्धेश्वर आणि इसापूरच्या पाण्याखाली ऊस व हळद वाढली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र कडबा गेला तशी दावणीची जनावरे घटली आणि घरचे दूधतूप आटले.

ताटात सणाची पोळी रोजची झाली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने आला. जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. कण्यांवर दिवस काढलेल्यांना ही मोठी सुटका होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डाळ आणि तेल किराण्यातून येऊ लागले, आणि एकेकाळी गरिबाची मानलेली ज्वारी गव्हाहून महाग झाली. घरातल्या सत्तेचा तोलही ढळला. कणगीतले धान्य बाईच्या हाती असे. पट्टीचे पैसे बहुधा पुरुषाच्या खात्यात जातात.

२०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. ज्वारीचा भाव पडला की घर ती खाऊन वर्ष काढी. सोयाबीनचे पोते घरात ठेवून भावाची वाट पाहता येते, त्याची भाकरी थापता येत नाही. उत्पन्न वाढले, पण पडत्या भावात तग धरण्याची ती जुनी सोय मोडली.