फाहियानचे मुक्काम

हल्ली आपल्याकडची मुलं पाठीवर सॅक टाकून महिनोन्‌महिने भटकायला जातात. फिरून फिरून दमली की एखाद्या लहानशा गावात पंधरा दिवस नुसती पडून राहतात. मग घरची मोठी माणसं म्हणतात, "एवढ्या लांब गेलात ते काय झोपा काढायला?" अशा वेळी मला फाहियान आठवतो.

शाळेच्या पुस्तकात हा चिनी प्रवासी दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या धड्यात एका ओळीत उरकतो. पण इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून तो निघाला, तेव्हा त्याची साठी उलटून गेली असावी असं मानतात. भिक्षूंच्या आचारनियमांचे, म्हणजे विनयाचे ग्रंथ चीनमध्ये अपुरे होते. ते आणायला हा मनुष्य वाळवंट आणि बर्फाचे डोंगर पायी ओलांडून आपल्या देशात आला.

त्याचं प्रवासवर्णन वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. थोडं चालणं झालं की तो लिहितो, इथे वर्षावास केला. वर्षावास म्हणजे भिक्षूंनी भटकंती थांबवून तीन महिने एका जागी राहायचं. पावसाळ्यात पाखरंसुद्धा घरट्यात बसतात आणि हे भिक्षू मात्र कोवळं गवत नि किडामुंगी तुडवत फिरतात, अशी लोकांची तक्रार बुद्धांच्या कानावर गेली, आणि त्यातून हा नियम झाला, असं विनयात सांगितलं आहे. म्हणजे विश्रांती हा चैनीचा भाग नव्हता, ते व्रतच होतं.

हिमाच्छादित डोंगर ओलांडताना फाहियानच्या एका सोबत्याचा गारठ्याने अंत झाला. इथे थांबाल तर सगळेच मराल, तुम्ही पुढे व्हा, असं सांगून तो गेला. फाहियानने त्याच्या देहावरून हात फिरवून आक्रोश केला आणि नाइलाजाने पुढची वाट धरली. डोंगराच्या दक्षिणेला सुमारे तीन हजार भिक्षू राहत होते. त्यांच्यात तो वर्षावासाला राहिला. त्या तीन महिन्यांबद्दल त्याने काहीच लिहिलेलं नाही. ते दिवस कसे गेले असतील, हे ज्याने जवळचं माणूस गमावलंय त्याला सांगायला नको.

अशा मुक्कामांचा खर्च कोण करी? याचं एक उत्तर आपल्या नाशिकला, पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात कोरलेलं आहे. ते फाहियानच्याही दोन-तीन शतकं आधीचं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेवली, व्याज दरमहा शेकडा १. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहा. महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०च! एक नाणं इकडचं तिकडे नाही. चालणाऱ्याला थांबता यावं म्हणून गावचे माग चालत होते.

पुढे पाटलिपुत्रात फाहियान तीन वर्षं राहिला, संस्कृत शिकला, विनय उतरवून घेतला. ताम्रलिप्तीला दोन वर्षं, सिंहलद्वीपात दोन वर्षं. तिथे बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढरा रेशमी पंखा दिसला आणि याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वाट तुडवताना पुढच्या गावाची काळजी असते. बूड टेकल्यावर घर आठवतं, गेलेली माणसं आठवतात. विश्रांती वाटते तेवढी सोपी नसते ती यामुळेच.

परतताना यवद्वीपाहून तो जहाजात बसला तो चौथ्या चिनी महिन्याच्या सोळाव्या दिवशी. वर्षावासाचे दिवस लागले होते. जहाज काही थांबणार नव्हतं. फाहियानने वर्षावास जहाजावरच केला!

४१२ मध्ये तो चीनच्या किनाऱ्याला लागला. शेवटी त्याने सगळ्या प्रवासाचा हिशेब दिला आहे: मध्यदेशी पोहोचायला सहा वर्षं, तिथे राहण्यात सहा वर्षं, परतायला तीन. जितकी वर्षं येण्यात गेली तितकीच राहण्यात. आणि ज्या ग्रंथांसाठी एवढा अट्टहास केला, ते उतरवून झाले ते मुक्कामाच्याच वर्षांत.

तेव्हा मंडळी, घरातलं पोर महिनाभर भटकून एखाद्या गावी नुसतं बसून राहिलंय असं कळलं, तर लगेच रागावू नका. जेवलास का, एवढंच विचारा.