ध्वनिमिश्रण, संगणकीय
एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक ध्वनींची पातळी पृथक्‌पणे नियंत्रित करून त्यांचा एक प्रवाह सिद्ध करण्याची प्रक्रिया.

‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाच्या (१९३२) काळी गायक-वादकांचा तोल ध्वनिग्राहकापासूनच्या अंतराने साधावा लागे, पुढे स्वतंत्र ध्वनिपट्टे आले, आणि अखेरीस हे काम संगणकी अंकगणिताच्या हवाली झाले (पहा : बोलपट). प्रत्येक ध्वनीचे नमुने (तरंगाची क्षणोक्षणीची अंकरूप मूल्ये) पातळी-गुणकाने गुणून त्यांची बेरीज होते. गुणक निम्मा केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, परंतु बेरीज १६-बिटी नमुन्याच्या −३२,७६८ ते ३२,७६७ या हद्दीबाहेर गेली, तर तरंगशिखरे छाटली जाऊन विरूपण उद्भवते, म्हणून ही बेरीज अधिक बिटांच्या अंकांत करून शेवटी मर्यादित करणे हा निर्धोक मार्ग होय. गुणक एकाएकी बदलल्यास खटका उमटतो. ‘जोधा अकबर’सारख्या (२००८) युद्धदृश्ये असलेल्या चित्रपटांत शस्त्रनाद व संगीत यांतून संवाद सुस्पष्ट राखणे याच प्रक्रियेवर अवलंबून असते (पहा : डेसिबल).