हापूस आंब्यात पॅक्लोब्युट्राझॉल : काम कसे करते, वापर कसा करावा

उलवे, पनवेल, उरण पट्ट्यासह कोकणात पावसाळा संपताना हापूसला नवी पालवी येते आणि मोहोर लांबतो. एक वर्ष भरपूर, पुढचे वर्ष रिकामे, अशीही या जातीची सवय आहे. त्यावर पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक वापरतात.

झाडात काय घडते?
गिबरेलीन हे संजीवक पेशींना वाढीचा संदेश देते. पेशीतील डेला प्रथिने वाढ रोखून धरतात. गिबरेलीन आले की ती नष्ट होतात आणि पालवी फुटते. पॅक्लोब्युट्राझॉल हे गिबरेलीन तयार करणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम थांबवते. गिबरेलीन कमी झाल्याने डेला प्रथिने टिकतात, पालवी थांबते आणि झाड मोहोराकडे वळते. म्हणजे हे खत नव्हे. झाडाला ताकद देत नाही.

मात्रा व वेळ
दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात द्यावे. झाडाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर व्यास मोजून सरासरी काढावी. प्रति मीटर व्यासास ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारातील २३ टक्के तीव्रतेचे सुमारे ३ मि.लि. द्रावण लागते.
उदाहरण : ८ मीटर व ६ मीटर, सरासरी ७ मीटर, मात्रा २१ मि.लि.

पद्धत
- मात्रा ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळावी.
- बुंधा व विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५ ते ३० खड्डे, १० ते १२ सें.मी. खोल घ्यावेत.
- द्रावण सारखे ओतून खड्डे बुजवावेत.
- आधी तण काढावे. मुसळधार पावसात देऊ नये.

ही काळजी घ्या
- लहान, रोगट किंवा अशक्त झाडांना देऊ नका.
- शेणखत व खतांची मात्रा चुकवू नका. फळांचा भार वाढतो.
- औषध जमिनीत दीर्घकाळ टिकते. अंदाजाने जास्त ओतल्यास फांद्या आखूड, पाने लहान आणि मोहोर दाट गुच्छासारखा होतो. असे झाड दिसल्यास पुढील मात्रा थांबवा.
- झाडे घराच्या आवारात असतील तर विहिरीजवळ व भाजीच्या वाफ्यात वापर टाळा.
- बाग कराराने दिली असल्यास मात्रा व तारीख करारात लिहून घ्या. करार एका हंगामाचा असतो, झाड मात्र तुमचेच राहते.