शंखातला संन्यासी

पाठीवर शंख वाहणाऱ्या खेकड्याला इंग्रजीत ‘हर्मिट’, म्हणजे एकांतवासी, म्हणतात. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या भाईबंदांना फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय याने 1829 मध्ये ‘सीनोबिटा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ नेमका उलट आहे : मठात समूहाने राहणारा संन्यासी. हेच नाव खरे ठरले. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर हे खेकडे झुंडीने हिंडतात. मोठ्याने टाकलेला शंख लहानाला घर होतो.

कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक अल्फ्रेड अल्कॉक यांनी 1905 मध्ये संग्रहालयातील हर्मिट खेकड्यांची सूची प्रसिद्ध केली, ती अभ्यासासाठी. पुढे परदेशांत त्यांचा व्यापार फोफावला तो निव्वळ हौसेपोटी. काचेची पेटी, रंगवलेला शंख आणि आत बहुधा एकटाच जीव! त्याच्या कल्ल्यांना दमट हवा लागते. कोरड्या खोलीत तो हळूहळू गुदमरतो. पिल्ले समुद्रातच वाढत असल्याने घरात पैदास जवळजवळ होत नाही. विकला जाणारा बहुतेक प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो.

याच कुळातल्या नारळखेकड्याला भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्याच्या लहान भावंडांची घरे, म्हणजे रिकामे शंख, मात्र पर्यटक पिशवीत भरून नेत राहिले. शंखाऐवजी बाटलीचे टोपण पाठीवर वागवणारे खेकडे आता अनेक देशांच्या किनाऱ्यांवर दिसतात.